ग्रहण कोणाला लागते?

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम हसून वेळ मारून नेली. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पापडाचे प्रमाण विचारा, सांगेन, परंतु लेख? तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही हळदीकुंकवाला जी ग्रहणाची हकीकत सांगितली, तीच लिहा. त्याच्यामागचा इतिहासही लिहा." म्हणून हे धाडस करीत आहे. इतिहासाचा भाग माझ्या थोरल्या मुलीने वाचनालयातून पुस्तके आणून मला वाचून दाखवला. हकीकत मात्र माझी स्वतःची आहे. भगिनींनी चूकभूल पदरात घ्यावी.

ग्रहणाची गोष्ट आपल्या जिल्ह्याला परकी नाही. माझे माहेर नेवासे तालुक्यातले. नेवाशाला मोहिनीराजाचे देऊळ आहे. समुद्रमंथनानंतर भगवंतांनी मोहिनीचे रूप घेऊन देवांना अमृत वाढले, ते इथेच, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. राहू चोरून पंक्तीत बसला, सूर्यचंद्रांनी त्याची चुगली केली आणि त्याचे शिर उडाले. ते शिर पडले ती राहुरी, असे जुनी माणसे सांगतात. त्या चुगलीचा सूड म्हणून राहू सूर्याला आणि चंद्राला गिळतो, तेच ग्रहण. गोष्ट मोठी गोड आहे, आणि मीही ती माझ्या मुलांना सांगितली आहे. गोष्टीशी माझे भांडण नाही. गोष्टीवरून एखाद्या बाईला दोषी ठरवतात, तेव्हा मात्र बोलावे लागते.

आता माझी हकीकत. लग्न होऊन मी सावेडीत आले १९९७ साली. १९९९ च्या उन्हाळ्यात मला पहिल्यांदा दिवस गेले होते. त्या वर्षी ११ ऑगस्टला, आषाढ अमावास्येला, सूर्यग्रहण आले. आपल्याकडे ते खंडग्रास होते. गुजरातेतून खग्रासाचा पट्टा गेला. ग्रहण सायंकाळचे, पण वेध सकाळपासूनच लागलेले. मला पाचवा महिना सरत आला होता. सासूबाईंनी मला आतल्या खोलीत बसवले, खिडकीला चादर लावली आणि बजावले: चिरायचे नाही, कापायचे नाही, सुईदोरा धरायचा नाही, कपड्याची घडी घालायची नाही, अंगसुद्धा खाजवायचे नाही, पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. दिव्यांची अवस असूनही मी दिवे घासायला बाहेर आले नाही. घसा कोरडा पडला, दुपारी डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी मी उठले नाही. सासूबाई दाराशी बसून जप करीत होत्या. त्यांनीही दिवसभर पाणी घेतले नव्हते. त्यांच्या मायेबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

डिसेंबरात मुलगी झाली. तिचा वरचा ओठ दुभंगलेला होता.

त्यानंतरचे आठ दिवस मी विसरू शकत नाही. भेटायला येणारी प्रत्येक बाई बाळाकडे पाही आणि मग माझ्याकडे. "ग्रहणात काय कापलंस गं?" हा एकच प्रश्न. मी म्हणे, काही नाही. "आठवून बघ. विळीला पाय लागला असेल. नखाने काही तोडलं असशील." सासूबाई काही बोलत नव्हत्या, पण त्यांनी माझ्याशी बोलणेच सोडले होते. आमच्या घरच्यांनीही एका रात्री हळूच विचारले, "खरं सांग, मी रागावणार नाही." आणि मौज अशी की पाचव्या-सहाव्या दिवशी मलाच आठवू लागले! चादरीचा लोंबणारा एक धागा मी तोडला, असे चित्र माझ्या डोळ्यांपुढे स्पष्ट उभे राहिले. तो धागा होता की नव्हता, हे आज मी शपथेवर सांगू शकत नाही. एकच प्रश्न दहादा विचारला की मन उत्तर तयार करून देते, हे मी त्या आठवड्यात शिकले. म्हणून कोणी "मला पक्के आठवते" असे म्हटले की मी मनात विचारते, हे आधीपासून आठवत होते, की कोणी विचारल्यावर आठवू लागले?

सव्वा महिन्यानंतर बाळाला मोठ्या दवाखान्यात दाखवायला नेले. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्या आईच्या वयाच्या होत्या. मी तपासणीआधीच रडू लागले आणि धाग्याची कबुली देऊन टाकली. त्यांनी मला पाणी दिले आणि म्हणाल्या, "मी तुला तीन प्रश्न विचारते. घाई न करता उत्तर दे."

पहिला प्रश्न: ग्रहण लागले तेव्हा कितवा महिना होता? मी म्हटले, पाचवा सरत आलेला. त्या म्हणाल्या, "पोटातल्या बाळाचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात सांधला जातो. म्हणजे तुझ्या मुलीचा ओठ जसा व्हायचा तसा दुसरा महिना संपण्यापूर्वीच होऊन गेला होता. ग्रहण त्यानंतर तीन महिन्यांनी आले. जे घडून गेले, ते नंतर आलेल्या गोष्टीमुळे कसे घडेल?" भगिनींनो, इतकी साधी गोष्ट! भाकरी करपली सकाळी आणि चूल पेटवली दुपारी, असे कोणी म्हटले तर आपण त्याला वेड्यात काढू. पण माझ्या बाबतीत ते वर्षवार कोणी मोजलेच नव्हते.

दुसरा प्रश्न: ग्रहण नसलेल्या साली असे मूल जन्मतच नाही काय? त्यांनी सांगितले की दर सातशे ते हजार मुलांमागे एकाला हे व्यंग असते. ज्या देशात ग्रहणाचे नियम कोणाला ठाऊकही नाहीत, तिथेही असते. कारणे अनेक असतात. काही घराण्यातून येते, काही विशिष्ट औषधांनी, काही तंबाखूच्या धुराने, काही पोषण कमी पडल्याने. पुष्कळदा एखाद्या मुलाचे नेमके कारण सांगताच येत नाही. "कारण माहीत नाही, असे म्हणायला लाजू नये," त्या म्हणाल्या. "पण माहीत नाही म्हणून कोणतेही कारण बाईच्या कपाळी चिकटवू नये."

तिसरा प्रश्न: तुझ्या आळीत त्या दिवशी आणखी कोणी गरोदर होत्या काय? मी घरी येऊन मोजले. माझ्यासकट पाचजणी होत्या. तिघींनी सगळे नियम पाळले होते. राहिलेल्या दोघींपैकी एक मोलमजुरीची. ती दिवसभर विळ्याने गवत कापत होती, कारण मजुरी बुडवणे तिला परवडत नव्हते. तिचे बाळ ठणठणीत होते. नियम पाळणाऱ्या तिघींत मी एक होते. पुढच्या खेपेला मी हे सांगितले तेव्हा डॉक्टरीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, "छान मोजलेस. पण पाच बायकांवरून शास्त्र ठरवू नकोस हं. गवत कापल्याने बाळ चांगले होते असेही म्हणशील!" आपल्या बाजूचा पुरावासुद्धा तोकडा असेल तर तोकडाच म्हणावा, हा धडा मला फार मोलाचा वाटतो. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एका भांड्यात, एका आचेवर शिजलेला असतो. माणसे अशी एका भांड्यात शिजत नाहीत; तिथे पुष्कळ शिते पाहावी लागतात.

आणि जाताजाता त्यांनी मला रागावूनही घेतले. गरोदर बाईने दिवसभर पाण्यावाचून राहणे, त्या दिवसात धोका असलाच तर तो हाच होता.

आता इतिहास. मुलगी वाचत गेली तसतसे मला नवल वाटत गेले की हे सगळे इतके जुने आहे. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये रचलेल्या ग्रंथात स्पष्ट सांगितले की सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची सावली झाकते. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी आपल्याच देशात हे ठाऊक होते. आपल्या कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० साली 'ग्रहलाघव' हा ग्रंथ लिहिला. त्यातल्या सोप्या रीतीने पंचांगकर्ते पुढे शेकडो वर्षे ग्रहणे वर्तवीत आले. विचार करा, स्पर्श कधी, मध्य कधी, मोक्ष कधी, हे पंचांगात वर्षभर आधी छापलेले असते. राहू सूडापोटी, आपल्या मर्जीने गिळत असता, तर तो असा वेळापत्रक पाळून आला असता काय? ज्या पंचांगावरून आम्ही वेध पाळतो, तेच पंचांग सांगत असते की हा सगळा हिशेबाचा खेळ आहे.

१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा दख्खनमधून गेला. तेव्हा जमखंडीला, म्हणजे पटवर्धनांच्या संस्थानात, जॉन हर्शेल नावाच्या अधिकाऱ्याने आणि गुंटूरला जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने दुर्बिणी लावून सूर्याच्या कडेच्या ज्वालांचा प्रकाश तपासला.

पुढे २२ जानेवारी १८९८ चे ग्रहण तर आपल्या अगदी उंबऱ्याशी आले. विजयदुर्गाला इंग्लंडहून लॉकियर आले होते. आणि आपल्या जिल्ह्याच्या शीवेपलीकडे, करमाळे तालुक्यातल्या जेऊर स्टेशनापाशी दोन तुकड्यांनी तळ ठोकला होता. एक पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांची. दुसरी अमेरिकेतल्या लिक वेधशाळेच्या कॅम्पबेल यांची. कॅम्पबेल यांची पत्नीही एवढा समुद्रप्रवास करून त्यांच्याबरोबर आली होती. मुंबई-पुण्याकडे प्लेगाचे दिवस, आणि ही माणसे आली कशासाठी? अवघ्या दोन मिनिटांच्या अंधारासाठी!

इथे मला एक गोष्ट उमगली. त्या लोकांनी कैक महिने आधी सांगितले होते की अमुक दिवशी, अमुक मिनिटाला, जेऊरला सूर्य पूर्ण झाकला जाईल. तसे झाले नसते तर जगापुढे त्यांची फजिती झाली असती. खोटे ठरण्याची जोखीम त्यांनी पत्करली होती. उलट "ग्रहणाने काहीतरी वाईट होते" हे बोलणे कधी खोटे ठरतच नाही. मूल चांगले झाले तर नियम पाळल्यामुळे. व्यंग निघाले तर नियम मोडल्यामुळे. नियम मोडला नसेल तर नकळत मोडला असेल! ज्या बोलण्यात हरण्याची सोयच नाही, ते बोलणे काही सांगत नसते. बाजारात मडके घेताना आपण टिचकी मारून वाजवून घेतो. ज्या मडक्याला टिचकी मारू देत नाहीत, ते कोण घेईल?

१६ फेब्रुवारी १९८० ला कर्नाटकातून खग्रासाचा पट्टा गेला, तेव्हा देशातल्या मोठमोठ्या शहरांतले रस्ते भरदिवसा ओस पडले होते. पंधरा वर्षांनी, २४ ऑक्टोबर १९९५ ला, ऐन दिवाळीत ग्रहण आले तेव्हा राजस्थानातल्या नीम का थाना या गावी लोक मुद्दाम ते पाहायला जमले आणि दूरदर्शनने ते घराघरात दाखवले. पंधरा वर्षांत एवढा फरक!

त्याच सालचा आणखी एक दिवस पुष्कळ भगिनींना आठवत असेल: २१ सप्टेंबर १९९५, पितृपंधरवड्यातला गुरुवार. गणपती दूध पितो अशी बातमी सकाळी दिल्लीकडून निघाली आणि दिवस मावळायच्या आत देशभर, एवढेच नव्हे तर विलायतेपर्यंत पोचली. मी तेव्हा माहेरी, सोळा वर्षांची. मीही रांगेत उभी राहिले. चमचा सोंडेला लावला आणि दूध खरेच कमी झाले. डोळ्यांनी पाहिले! पुढे दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवले, तेव्हा मूर्तीच्या अंगावरून रंगीत ओघळ खाली उतरताना दिसले. दूध ओल्या दगडाला चिकटून पातळ पापुद्र्यासारखे खाली सरकते. चहा ओतताना तो कपाच्या बाहेरून ओघळतो, तसेच. आता माझी लाज सांगते. त्या संध्याकाळी देवळाची फरशी धुवायला आम्ही मुली गेलो होतो. मोरीतून पांढरे पाणी वाहत होते. ते मी माझ्या हातांनी लोटले, आणि तरीही मला शंका आली नाही. मी चमच्याकडे पाहिले होते. दूध जाते कोठे, याकडे पाहिले नव्हते. डोळ्यांनी पाहणे पुरत नाही. कोठे पाहावे, हे आधी स्वतःला विचारावे लागते.

महाराष्ट्रात हे विचारायला शिकवणारी माणसे पूर्वीपासून होऊन गेली. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात सत्यशोधक समाज स्थापिला. आगरकरांनी १८८८ पासून 'सुधारक' पत्रातून लोकांचा रोष पत्करून लिहिले. आपल्या नगरला तर एक विशेष मान आहे. मिस सिंथिया फरार या अमेरिकन बाईंनी इथे मुलींच्या शाळा चालवल्या. त्या १८६२ साली नगरातच वारल्या. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचे धडे त्यांच्यापाशी घेतले. बाईच्या हाती पाटी आली नसती, तर माझ्यासारखीला हा प्रश्न कागदावर मांडताच आला नसता. अलीकडे डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला गेले असता त्यांचा खून झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. प्रश्न विचारण्याची किंमत कोणी कोणी किती दिली, हे आपण विसरू नये.

माझ्या मुलीच्या ओठावर ती पाच महिन्यांची असताना शस्त्रक्रिया झाली. आज बारीक रेघ तेवढी दिसते. ती शिकली, नोकरीला लागली. सासूबाई पुढे सात वर्षे होत्या. डॉक्टरीणबाईंचा पहिला प्रश्न मी त्यांना समजावून सांगितला, तेव्हा त्या बराच वेळ बोटांवर महिने मोजत बसल्या. मग नातीला मांडीवर घेतले आणि एवढेच म्हणाल्या, "मग माझ्या आईनं आयुष्यभर उगाच सोसलं." त्यांच्या एका भावाचा ओठ तसाच होता, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. घराण्यातून येते ते कोठून आले, हेही कळले. आणि साठ वर्षे एका बाईने मनात बाळगलेली खोटी अपराधाची भावनाही कळली.

एवढे सगळे समजूनही मी फार शहाणी झाले, असे कोणी समजू नये. २५ ऑक्टोबर २०२२ ला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी खंडग्रास ग्रहण होते. शेजारच्या काकूंची सून दोनजीवांची होती. ती अंगणात आली तशी माझ्या तोंडून निघून गेले, "अगं, कशाला उगाच? आत बस ना आजच्या दिवस." माझी मुलगी माझ्याकडे पाहतच राहिली. म्हणाली, "आई, तू सुद्धा?" मला उत्तर देता आले नाही. भीती बुद्धीआधी शिकलेली असते. ती जाता जात नाही. मग मुलीने स्वयंपाकघरातून पुरणाची चाळण आणली आणि मावळतीच्या उन्हात भिंतीपासून दोन हातांवर धरली. चाळणीच्या प्रत्येक भोकातून भिंतीवर एकेक लहानसा सूर्य पडला होता, आणि प्रत्येकाचा एका बाजूने चावा घेतलेला! काकूंची सून खुर्चीवर बसून ते पाहत होती. हातात चहाचा कप होता. काकू दाराच्या आतच उभ्या राहिल्या, पण त्यांनी तिला हाक मारून आत बोलावले नाही. फेब्रुवारीत तिला मुलगा झाला, सुखरूप. यावरून काही सिद्ध होत नाही, हे मी आता आपल्याला सांगायला नको. व्यंग निघाले असते, तरी ते ग्रहणाने झाले नसते. मात्र त्या घरात "काय कापलंस गं?" हा प्रश्न कोणी विचारला नसता, एवढी माझी खात्री आहे.

देवधर्म सोडा असे मी म्हणत नाही. मी अजूनही मोहिनीराजाला जाते, चतुर्थीही करते. श्रद्धेने माणूस नम्र होतो. पण कोणाला दोष द्यायची वेळ आली की आधी मोजावे: आधी काय घडले, मागून काय घडले, जिथे झाले तिथे पाहिले, जिथे झाले नाही तिथेही पाहिले काय, आणि ठाऊक नसेल तर ठाऊक नाही असे म्हणावे.

२ ऑगस्ट २०२७ ला सायंकाळी आपल्याकडे पुन्हा खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. पावसाळा आहे, ढग असले तर बेत फसेल. नाहीतर सर्व भगिनींनी आपापल्या चाळण्या घेऊन जमावे, अशी माझी सूचना आहे. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी मात्र कोणीही पाहू नये. त्याने डोळ्यांना कायमची इजा होते, आणि ग्रहणातली खरी भीती तेवढीच आहे. भिंतीकडे पाहावे. ज्या गरोदर असतील त्यांनी खुर्ची घेऊन पुढे बसावे, आणि पाणी जवळ ठेवावे.